आवाजाचे पंचवीस गुण

आंतरमहाविद्यालयीन शास्त्रीय गायन स्पर्धेत आम्हा परीक्षकांच्या हाती जो कागद आला त्यात सूर, ताल, रागाची मांडणी आणि आवाज असे चार रकाने होते. पहिल्या तिन्हींवर वाद झाला तरी मिटतो. चौथ्यावर आमचं चांगलंच वाजलं.

एका मुलीने भूप घेतला. आवाज जाड, थोडा घोगरा. तिने तानपुरा काळी एकवर लावला, तेव्हाच मागे कुजबुज झाली. पण पोरीने घाई केली नाही. पंचमावरून मींडेने गंधारावर उतरायची आणि तिथे निवांत थांबायची. धैवताला नुसता स्पर्श. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मान कुणाला द्यायचा यावर राग ठरतो: भूपात गंधाराला, देशकारात धैवताला. तिच्या आधी एका मुलानेही भूपच गायला होता. गोड गळा, दाणेदार ताना, टाळ्या भरपूर. पण धैवतावर तो इतका रेंगाळला, की रात्रीच्या भूपात सकाळचा देशकार डोकावून गेला.

ही काही आवडीनिवडीची बाब नाही. मधल्या वेळात मी सहपरीक्षक बुवांना पेटीवर दोन्ही चलनं वाजवून दाखवली, त्यांनी लगेच मान डोलावली. रागाच्या रकान्यात आमचे आकडे जवळपास जुळले. आवाजाला मात्र बुवांनी तिला पंचवीसपैकी आठ दिले होते, मी एकवीस.

मी गंगूबाई हनगलांचं (1913–2009) नाव काढलं. 'गांधारी' या नावाने निघालेल्या त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांमधला आवाज पातळ, उंच आहे. पुढे टॉन्सिलच्या उपचारांनंतर तो खाली उतरला, पुरुषी वाटावा इतका. सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला जाऊन मिळवलेली किराण्याची गायकी त्यांनी त्याच आवाजात उभी केली. दोन्ही काळांतलं गाणं पाठोपाठ लावलं तर गाणारी एकच आहे हे सांगावं लागतं.

"गंगूबाईंची गोष्ट वेगळी," बुवा म्हणाले.

हे वाक्य मला आजही खटकतं. नाव मोठं झालं की त्याच आवाजाला भारदस्त म्हणायचं आणि कॉलेजातल्या पोरीचे मात्र गुण कापायचे, हा न्याय नव्हे. गळा जन्माने मिळतो, तिथे तिची काय कमाई? स्वर कसा लावला, किती स्थिर ठेवला, ही मेहनत तिची. गुण त्याला द्यायला हवेत. मी हे सगळं तावातावाने बोललो.

बुवा शांतपणे म्हणाले, "तुमचं सगळं खरं आहे हो. तिचा गंधार माझ्याही कानात आहे. पण ऐकताना मला सुख झालं नाही, ते मी कुठून आणू?"

यावर काय बोलणार? न झालेलं सुख झालं म्हणून लिहा, असं मी त्यांना सांगू शकत नव्हतो. त्यांनी आठ बदलले नाहीत, मी एकवीस बदलले नाहीत. मुलगा पहिला आला, ती दुसरी.

पुढच्या वर्षीपासून आवाजाच्या जागी स्वरलगावाला गुण द्यावेत, असं मी संयोजकांना लिहून दिलं. बुवांनीही त्यावर सही केली. बक्षीस समारंभानंतर ती मुलगी भेटायला आली. आता काळी चारवर गायचा सराव कर, असं कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं. पट्टी अजिबात चढवू नकोस, म्हटलं, आणि मंद्रातला रियाज रोज कर.