शीड वाऱ्यावर, भिस्त डिझेलवर

शिडाची बोट घेतली म्हटल्यावर इष्टमित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग तेलाचा खर्च नाही ना?" आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून अ‍ॅनापोलिसजवळ तीस फुटी जुनी बोट घेतली आहे. तेलाचा खर्च थोडा, पण त्याची काळजी फार, असे आमचे उत्तर असते. चेसापीकच्या उपसागरात जुलै-ऑगस्टच्या दुपारी वारा साफ पडतो आणि संध्याकाळी वादळी ढग चढून येतात. अशा वेळी धक्का गाठून देते ते केबिनच्या पायऱ्यांखाली दडलेले दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन.

त्याचे मागणे थोडकेच. हवा, थंडाव्याला पाणी आणि स्वच्छ तेल. ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. डिझेलला साधारण ५२ अंशांच्या वर तापावे लागते. म्हणून बोटीवर डिझेल बरे. पण बरे म्हणजे बिनधास्त नव्हे!

तेल भरताना आमचा एक रिवाज आहे. बोट धक्क्याला पक्की बांधायची, इंजिन बंद, शेगडी बंद, खिडक्या-झडपा बंद, आणि चहाच्या थर्मासासकट सगळी मंडळी धक्क्यावर. डेकवर डिझेल, पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांची झाकणे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. म्हणून एकाने नाव मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने "होय, डिझेल!" म्हणायचे. मगच झाकण उघडायचे. नळी तोंडाच्या धातूला टेकवून तेल सावकाश सोडायचे. एकाचा कान टाकीच्या आवाजाकडे, दुसऱ्याचा हात टाकीच्या हवानळीशी शोषक फडके धरून. टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण उन्हात तेल फुगते. पाण्यावर तेलाचा नुसता तवंग उठला तरी कळवणे इथल्या कायद्याने बंधनकारक आहे आणि वर भांड्याचा साबण ओतून तो लपवायलाही बंदी आहे.

एवढे सोवळे कशाला, असे पाहुणे विचारतात. त्यांना आम्ही २०१९ च्या जुलैतली गोष्ट सांगतो. वारा समोरून होता, म्हणून शिडे उतरवून इंजिनावर परतत होतो. लाटा उसळल्या, टाकीच्या तळाशी जुन्या मालकाच्या काळापासून बसलेला गाळ ढवळला, फिल्टर तुंबला आणि बाल्टिमोरला जाणाऱ्या जहाजांच्या वाटेतच इंजिन दोन आचके देऊन थांबले. दूरवर एक मालवाहू जहाज दिसत होते. दूर दिसते खरे, पण त्याला थांबायला मैलभर पाणी लागते. बोटीवर चार मुले! पुढचे शीड उघडून आम्ही वाटेबाहेर निसटलो आणि नांगर टाकला.

२६ मार्च २०२४ च्या पहाटे याच वाटेच्या वरच्या टोकाला 'डाली' हे जहाज वीज गेल्यामुळे फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळले आणि सहा कामगार प्राणाला मुकले. तेव्हा आम्हा सगळ्यांना ती दुपार आठवली.

तो गाळ म्हणजे नुसती माती नसते. रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, ते तेलाखाली बसते आणि दोहोंच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिकट थर धरतो. म्हणून हिवाळ्यात टाकी जवळजवळ भरलेली ठेवायची. फिल्टरखालच्या पारदर्शक वाटीत पाणी दिसले की काढून टाकायचे. सुटे फिल्टर कायम जवळ हवेत. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते; स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी लागते. इंजिन सुरू होताच धुराच्या नळीतून पाणी पडते का ते पाहायचे. नाही पडले तर ताबडतोब बंद! उन्हाळ्यात इथे जेलीफिश पाणी ओढणाऱ्या तोंडाशी अडकतात, नाहीतर पंपातला रबरी पंखा झिजलेला असतो.

पुण्याच्या कॉलेजात डिझेल सायकलची आकृती आम्ही डोळे मिटून काढत असू, आणि इथे येऊन एम.एस.ही केले. पण घरचा पंप बिघडला की मिस्त्री येई आणि आम्ही अभ्यासाला बसू. हात काळे न करणे हेच शिक्षणाचे फळ, असे न सांगताच आमच्या मनावर ठसले होते. त्या दुपारी नांगरावर डुलत असताना आमच्यातल्या एकाची चौदा वर्षांची लेक टॉर्च दातात धरून हातपंप मारत होती. "काका, बुडबुडे थांबले!" ती ओरडली आणि तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धडधडले.

टाकी पुढे आम्ही साफ करून घेतली. ती मुलगी आता कॉलेजात आहे. झाकणाचे नाव वाचण्याचे काम तिने धाकट्या भावाकडे सोपवले आहे, आणि "होय, डिझेल!" ऐकल्याशिवाय तो आम्हालाही झाकणाला हात लावू देत नाही.