हाकेच्या अंतरावर

लहान शहरांना एक जुनाट दुखणे असते. ती स्वतःकडे कधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाहीत. आमच्या सांगलीचेच पाहा. पुण्याहून कोणी पाहुणा आला की आम्ही त्याला गणपतीचे देऊळ दाखवतो, कृष्णेचा घाट दाखवतो, भडंगाचा पुडा हातात ठेवतो, आणि एवढे सगळे करून शेवटी अपराध्यासारखे म्हणतो, “तसं पुण्यासारखं काही नाही हो इथं.” पाहुणा मान डोलावतो. त्याला वाटते, हा विनय आहे. तो विनय नसतो. ते आमचे दुखणे असते.

हे दुखणे अलीकडे माझ्या घरातच आले आहे. मुलगा आणि सून पुण्यात असतात. दर दिवाळीत फराळाची ताटे रिकामी होत आली की विषय निघतो. “बाबा, गावभागातलं हे घर विकून टाका. आमच्याकडं या. नाहीतर निदान विश्रामबागेत उंचावर एखादा फ्लॅट घ्या.” मुलगा काही वावगे बोलत नाही. नदी आमच्या दारात येऊन गेली आहे आणि आम्हा दोघांची वये आता पाण्याशी झुंजायची नाहीत. तरीही माझ्या तोंडून ‘हो’ निघत नाही. का निघत नाही, याचा विचार करू लागलो की शहर चांगले ठरते ते नेमके कशाने, या मोठ्या प्रश्नाशी येऊन थांबतो.

सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, अशी एक व्युत्पत्ती आमच्याकडे हौसेने सांगतात. पंडितांना ती पटो न पटो, मला आवडते. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या या गावाला त्यांनी राजधानी केले. राजधानी झाली, पण गाव हाकेच्या अंतरातच राहिले. आजही माझी सकाळ सायकलच्या दहा-पंधरा मिनिटांत मावते. घाटावर एक फेरी, मंडईत भाजी, मारुती चौकात दोन ओळखीची माणसे, वाचनालयात वर्तमानपत्र, आणि वाटेत डॉक्टरांना रक्तदाब दाखवून घरी. डॉक्टर माझ्या वडिलांनाही तपासत असत, त्यामुळे मी निम्मेच सांगतो, उरलेले त्यांना ठाऊक असते. मुलगा पुण्यात रोज दोन तास नुसता रस्त्यावर काढतो. त्याच्या पगारात ते दोन तास कुठे धरलेले असतात, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

अंतर लहान असले की माणसे एकमेकांच्या हाती लागतात, आणि हाती लागली की काहीतरी उभे राहते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले ते याच गावात. ‘शारदा’ लिहिणारे देवल इथून जवळच्या हरिपूरचे. मराठी रंगभूमी मुंबईत मोठी झाली हे खरे, पण तिचे बारसे आमच्या अंगणात झाले.

मात्र हे सारे सुख सांगलीने स्वतःच्या हिमतीवर मिळवले, असे कोणी म्हणू लागला तर त्याला भल्या पहाटे बाजार समितीत न्यावे. सांगलीची म्हणून जी हळद देशभर ओळखतात ती शहरात पिकत नाही. ती आसपासच्या गावांतून येते, कर्नाटकातून येते, तेलंगणातूनही येते. बेदाणा येतो तो तासगावकडून. पूर्वी हरिपूरला जमिनीत खोल पेवे असत आणि त्यांत हळद महिनोन्‌महिने कीड न लागता राहत असे. २००५ च्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि ती पद्धत बहुतेक मोडली. आम्ही शहराची माणसे फक्त तराजू धरतो. वजन भोवतालच्या मुलखाचे असते.

दहा किलोमीटरांवरच्या मिरजेचेही तेच. दुखले-खुपले की आम्ही मिरजेला जातो, कारण १८९४ सालापासून तिथे मोठे मिशन इस्पितळ आहे. गाणे शिकणाऱ्याला तंबोरा हवा असला तर तोही मिरजेचाच. शिकायचे तर दोघांच्या मध्ये विश्रामबाग. तिथे १९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघाले आणि १९४७ साली अभियांत्रिकीचे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. कागदावर तिघे एकत्र आली, पण मिरजकर अजूनही ‘सांगलीला जाऊन येतो’ असेच म्हणतो. सख्ख्या भावांची चूल एक झाली तरी जेवायच्या वेळा निराळ्या, तसे आहे हे.

२०११ च्या शिरगणतीत या तिन्ही गावांची वस्ती पाच लाखांवर गेली. एवढी माणसे सहा गल्ल्यांत कशी मावणार? शहर वाढले, आणि त्याने वाढायलाच हवे होते. जत-आटपाडीकडच्या कोरडवाहू शेतात ज्याचे भागले नाही त्याने पोट घेऊन कुठे जावे? तो इथे आला. त्याला चाळीत खोली परवडेना, म्हणून त्याने कोणाच्या तरी रानातला एक गुंठा घेतला. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. त्यात घर, तुळस आणि दारात म्हैस. ना रस्ता, ना गटार. अशा गुंठेवारीच्या वस्त्या राज्यभर इतक्या झाल्या की त्या नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा करावा लागला. गुंठा घेणाऱ्याला मी दोष देत नाही. स्वस्त जमीन सखल असते आणि सखल जमीन नदीची असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते नकाशे काढत राहिले. ओढे बुजले, नाल्यांवर भिंती आल्या. पूर आला की नदी जिथे हातपाय पसरायची, ती तिची ओसरीच आम्ही भाड्याने दिली.

१९२९ साली झालेल्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळिसाला धोका. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेले तेव्हा वडीलधारी म्हणाली, असा पूर पुन्हा होणे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. हरभट रोडवर होड्या चालल्या. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर पुरुषभर पाणी होते. देवांचा डबा, घराची कागदपत्रे आणि औषधे एवढे घेऊन आम्ही दोघे होडीतून निघालो आणि एका शाळेत जाऊन राहिलो. जाताना हिने मागे वळून पाहिले नाही. चाळीस वर्षांच्या संसाराकडे पाठ फिरवायला केवढे बळ लागते, ते मी त्या दिवशी पाहिले.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या दारात एक ओळखीचा आवाज आला. “काकू हायत का हितं?” मिरज तालुक्याच्या पूर्वेकडून येऊन आमच्या दारावर वीस वर्षे भाजी देणारी बाई होती ती. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, खर्डा आणि धुतलेली दोन लुगडी. ती तीन शाळा शोधत आली होती. तिच्या गावात त्या साली पाऊस पडलेला नव्हता, पिण्याचे पाणी टँकरने येत होते. हिच्या हातात भाकरी ठेवत ती म्हणाली, “आमच्याकडं पाणी न्हाई म्हून रडतोय, तुमच्याकडं पाण्यानं रडाय लावलंय. देवाला वाटणी जमंना बगा.”

एका जिल्ह्याची सारी कहाणी त्या बाईने दोन वाक्यांत सांगितली. पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरात धो धो पाऊस, पूर्वेला जतमध्ये टँकर, आणि मध्ये आम्ही. कृष्णेचे पाणी म्हैसाळ योजनेने उपसून पूर्वेला चढवतात, तेव्हा देवाला न जमलेली वाटणी माणूसच थोडीफार करत असतो. शहराच्या सुधारणेचा हिशेब करताना आम्ही रस्ते मोजतो, दुकाने मोजतो, इमारतींचे मजले मोजतो. आमच्याकडे भाकरी घेऊन येणारी माणसे किती अंतरावर राहतात, हे मोजायला हवे. ती दमून संध्याकाळी आपल्या घरी परतू शकतात तोवर शहर ठीक आहे. आणि नदीलाही तिच्या घरी परतता आले पाहिजे.

घर मी अजून विकलेले नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पंचावन्न फुटांच्या जवळ गेले, त्या वेळी आम्ही वेळेवर निघालो. आता खालच्या मजल्यावर लाकडी सामान ठेवत नाही. धान्य, गाद्या, पुस्तके सारे माडीवर नेले आहे. खाली फक्त दोन खुर्च्या आणि झोपाळ्याच्या कड्या. एक दिवस आमचे पाय थकतील आणि मुलाचे ऐकावे लागेल, हे मला कळते. पण मी जाईन तेव्हा हे घर कोणा बांधकामवाल्याला देण्याऐवजी ही जागा नदीला मोकळी ठेवता येईल का, याची चौकशी मी आतापासून करतो आहे. कचेरीतला कारकून माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतो. पाहू दे.

जुलै उजाडला की आमच्या गावात कोणी कोणाला ‘कसे आहात’ असे विचारत नाही. रिक्षावाला, प्राध्यापक, हमाल, दूधवाला, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, “आयर्विनला पाणी किती?” पाच लाख माणसे एकमेकांना एकच प्रश्न काळजीने विचारतात आणि उत्तर खरे सांगतात. पुण्याच्या पाहुण्याला दाखवण्यासारखे आमच्याकडे काय आहे, असे कोणी पुन्हा विचारले तर मी त्याला पावसाळ्यात यायला सांगणार आहे.