कोपराखालचा डबा

माझ्या बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर स्टीलचा एक डबा कायम उपडा घातलेला असायचा. भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू झिजत जाण्याचा आजार. चालणं नुकतंच थांबलं होतं, घरात व्हीलचेअर आली होती. जेवायला बसला की तो उजवं कोपर त्या डब्यावर टेकवायचा आणि मान इतकी खाली घालायचा, की घास तोंडाकडे जाण्याऐवजी तोंडच घासाकडे यायचं. लांबच्या वाटीपर्यंत पोचायचं असेल तर बोटं एकेक करून टेबलावर रोवत हात पुढे ओढत न्यायचा. एका रविवारी मी तो डबा उचलून ओट्यावर ठेवला आणि म्हणालो, "ताठ बस. टेकायची सवय लागली की हात आळशी होतो."

ताई काही बोलली नाही. तोही बोलला नाही. त्या दिवशी त्याने अर्ध्यावरच जेवण सोडलं आणि मी समजलो, भूक नसेल.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. यंत्रावर काम करताना भाग पकडून ठेवणारी जिग आणि फिक्श्चर बनवतो. जे वाकलंय ते सरळ करायचं, जे ढिलं झालंय ते आवळायचं, हा हातांचा आणि डोक्याचाही स्वभाव होऊन बसलेला. वापरला नाही तर हात जातो, हे आमच्या घरात सगळेच म्हणायचे. मी पुढचं पाऊल टाकलं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत वाळू भरली आणि रोज संध्याकाळी दहा वेळा उचलायला लावलं. चार महिने तो ते करत राहिला, मामाला बरं वाटावं म्हणून. रात्री खांदे दुखायचे. ते त्याने आईला सांगितलं, मला नाही.

पुढच्या तपासणीला फिजिओथेरपिस्ट बाईंना मी हे अभिमानाने सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. स्नायूचा प्रत्येक धागा आकसताना त्याच्या आवरणावर ताण येतो, तो ताण झेलायला डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन लागतं, आणि या मुलाच्या शरीरात ते तयारच होत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. तुमच्या-माझ्या दंडावर वजन पडलं तर तो घट्ट होतो. याचा फाटतो, आणि फाटलेल्या जागी हळूहळू चरबी आणि तंतू भरत जातात. हलक्या हालचाली हव्यात, सांधे ताणून मोकळे ठेवायला हवेत, पण वजन नको. मी घरी येऊन बाटलीतली वाळू कुंडीत ओतली. चार महिन्यांत त्यामुळे नेमकं किती गेलं हे कोणालाच मोजता येणार नाही, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त त्रास होतो.

त्याच भेटीत बाईंनी हाताच्या पायऱ्या सांगितल्या. ब्रूक श्रेणी म्हणतात, एक ते सहा. तिसऱ्या पायरीवर पाण्याचा पेला तोंडापर्यंत जातो. चौथीवर हात जातो, पण पेला घेऊन जात नाही. पाचवीवर हातही जात नाही, तरी बोटं पेन धरतात, टेबलावरचं नाणं उचलतात. हा आजार धडाजवळच्या स्नायूंपासून सुरू होतो. खांदा आणि दंड आधी जातात, बोटं बरीच नंतर. म्हणजे भाच्याची बोटं चांगली काम करत होती. चमचा त्याला जड नव्हताच, जड होता तो स्वतःचा हात. माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो. त्याचं वजन चाळीस किलो, म्हणजे हात दोन किलोचा. त्यावर मी बाटलीभर वाळू चढवली होती. आणि ताईने कुठलंही पुस्तक न वाचता त्या दोन किलोंपैकी बराचसा भार एका डब्यावर उतरवला होता.

बाईंनी तेव्हाच हाताच्या आधाराची गोष्ट काढली. व्हीलचेअरला जोडायचा, हाताचं वजन तोलून धरणारा सांगाडा. मी म्हणालो, एवढ्यात नको. अजून पेला उचलतोय की. खरं कारण वेगळं होतं. असं यंत्र खुर्चीला लागलं की हात गेल्याचं आपण कबूल केल्यासारखं होईल, असं मला वाटत होतं. ताईला मीच थांबवलं. जवळजवळ दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत हात खुर्चीच्या दांड्यावर दुमडलेला पडून राहिला. जो सांधा पूर्ण उघडत नाही तो तिथेच आखडतो. तेराव्या वर्षी कोपर शेवटचे तीस अंश सरळ होईनासं झालं. आधार वेळेवर मिळाला असता तर तो हात दिवसभर हिंडला असता, निदान इतका लवकर आखडला नसता, असं मला वाटतं. पडणाऱ्या हाताला स्प्रिंग तोलू शकते, आखडलेलं कोपर उघडू शकत नाही. लांबची वाटी त्याच्यापासून कायमची लांब गेली ती तेव्हा.

मग मात्र मी कामाला लागलो. हे काही नवं यंत्र नाही. पोलिओच्या काळापासून खुर्चीला लावायचे तोलणारे आधार आहेत. अमेरिकेत विल्मिंग्टनच्या मुलांच्या रुग्णालयात तारिक रहमान या अभियंत्याने रबरबँडवर चालणारा आधार घडवला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये युस्ट हेर्डर यांनी स्प्रिंगचा. त्यात मोटर लागत नाही. टेबलावरचा स्प्रिंगचा दिवा कुठल्याही उंचीवर सोडला तरी तिथेच थांबतो ना, तेच तत्त्व. तो दिवा 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइनने काढला. हे वाचलं आणि वाटलं, हे तर आपलंच काम.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा समांतर सांगाडा केला, सांध्यांत बेअरिंग बसवलं. पीव्हीसी पाइप उभा चिरून हाताखाली पन्हळ केली, आत फोम लावला. तोलायला खणातली ताणाची एक स्प्रिंग घेतली. हात तोंडापाशी नेऊन तिथे नेमका तरंगेल इतका ताण दिला. घास तोंडात जायचा, म्हणून तोंडाशीच जुळवलं.

पहिल्या दिवशी सगळं घर जमलं होतं. त्याचा हात पन्हळीत ठेवला, पट्टा लावला. हात आपोआप वर आला, हनुवटीपर्यंत. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हसला. मग हसू मावळलं. ताट खाली होतं आणि हात वर. तो खांद्याने दाबायचा प्रयत्न करत होता, मान लाल झाली होती. शेवटी म्हणाला, "मामा, हात खाली घे की."

इतकी वर्षं तो हात वर घ्यायला सांगायचा.

मी हात खाली दाबला, घास धरेपर्यंत दाबून धरला. सोडला की वर. वर उचलणारा स्नायू जितका क्षीण, तितकाच खाली ओढणाराही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि गणितही चुकलं होतं. साध्या स्प्रिंगला स्वतःची लांबी असते, ओढ त्या लांबीनंतर सुरू होते. त्यामुळे ती एकाच कोनात बरोबर तोलते. वर जुळवली की खाली जास्त ओढते, खाली जुळवली की वर सोडून देते. दिव्याचा हात स्वतः कुठे जात नाही, त्याला माणूस ढकलतो. इथे ढकलणाऱ्याच्या खांद्यात मूठभरही जोर नव्हता. स्प्रिंग बाजूला बसवून तिची दोरी कप्पीवरून घेतली, तर दोन टोकांमध्ये फक्त ताण उरतो आणि प्रत्येक उंचीवर तोल जमतो. हे बावीस वर्षं लोखंडाशी खेळणाऱ्या माणसाला आधी सुचायला हवं होतं. मी ताणकाटा घेऊन हात एकाच उंचीवर तोलला होता.

शेवटी मी रबरांवर आलो. रबर खूप ताणलं जातं, त्यामुळे त्याची मूळची लांबी फारशी आड येत नाही; आणि एक चढवणं-उतरवणं ताईला जमतं, त्यासाठी वर्कशॉप लागत नाही. हात थोडा कमी तोलायचा, एवढा कमी की सोडला तर सावकाश ताटात उतरेल. हे प्रमाण मी नाही, भाच्यानेच ठरवलं. सात रबरं लावली की वर जाताना दमतो, नऊ लावली की खाली येत नाही. आठ.

एकदा अंगणात बसलो होतो. पाणी वाहून जावं म्हणून तिथल्या फरशीला ढाळ आहे, डोळ्यांना दिसतही नाही. हात आपोआप बाहेरच्या बाजूला सरकत गेला आणि त्याला परत आणता येईना. मी बेअरिंग इतकी हलकी केली होती, की बोटभर ढाळही पुरत होता. तेव्हापासून खुर्चीला पाणसळ बांधलेली असते.

आणि मी सगळी धडपड जेवणासाठी करत होतो. जेवण ताई आजही अर्धं भरवते, त्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. आधार लागल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःहून केलं ते चष्मा वर सारणं. मग कपाळावर आलेले केस. मग एका दुपारी मी दारात उभा होतो आणि तो एकटा होता. गालावर बसलेली माशी त्याने उडवली. परत बसली, परत उडवली. किती वर्षं माशी बसली की तो कोणाला तरी हाक मारायचा, आणि कोणी जवळ नसेल तेव्हा काय करायचा, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारीही विचारलं नाही.

रबरं दोन-तीन महिन्यांनी चिरतात. थंडीत ताई फोन करते, स्वेटर घातलाय, आठाने होत नाही, नववं लावू का. मी जाईपर्यंत, किंवा ती नवं रबर शोधेपर्यंत, त्याचं कोपर त्या उपड्या डब्यावर असतं. झाकणापाशी तो थोडा चेपलाय. मी तो सरळ केलेला नाही.