लंडनहून दोन पत्रं

लंडन, 8 सप्टेंबर 2024

ती. बाबांस, शि. सा. नमस्कार.

आज ब्रिटिश म्युझियमच्या तळघरात होते. आफ्रिकेचं दालन तिथे आहे. उभ्या दांड्यांवर बेनिनचे, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या जुन्या राज्याचे, पितळी फलक लावलेत. त्यांवर ओबा, म्हणजे तिथला राजा, त्याचे सरदार आणि लांब केसांचे पोर्तुगीज आहेत. हे काम सोळाव्या-सतराव्या शतकातलं. तेव्हा हे फलक राजवाड्याच्या खांबांवर असत. मेणाचा नमुना, त्यावर माती, मेण वितळून गेलं की पोकळीत पितळेचा रस. आपले ओतारी देवांच्या मूर्ती ओतत, तसंच. पितळ पुष्कळदा पोर्तुगीजांनी आणलेल्या कड्यांचं, पण हात बेनिनचेच. तिथल्या इगुन स्ट्रीटवर ओतकाम करणारी घराणी आजही आहेत.

फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रज फौजेने बेनिन शहर घेतलं, राजवाडा लुटला. ओबा ओव्होनरामवेन यांना कालाबारला हद्दपार केलं. ते 1914 साली तिथेच वारले. लूट इथे पोहोचली तेव्हा विद्वानांना हे आफ्रिकी कारागिरांचं काम वाटेना. कुणी पोर्तुगीजांना श्रेय दिलं, कुणी इजिप्तकडे बोट दाखवलं. बाबा, वस्तू नेल्या त्या नेल्या, वर करणाऱ्याचं नावही पुसायला निघाले! मला फार राग आला.

लंडन, 11 सप्टेंबर

आज फॉरेस्ट हिलचं हॉर्निमन म्युझियम पाहिलं. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी बेनिनच्या 72 वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. त्यातल्या ज्या इथे राहिल्या, त्या नायजेरियाकडून उसन्या. शेजारी एक बाई शाळेच्या मुलांना तेच समजावत होत्या. वस्तू कुणाची, हे कळलं की मुलं ती कुणी केली हेही विचारतात. मला हेच खरं शिक्षण वाटलं.

मोठ्या संग्रहालयांना मात्र कायद्याने वस्तू कायमच्या देता येत नाहीत. 1874 साली कुमासीहून लुटलेलं असांते राजांचं सोनं यंदा घानाला गेलं, तेही उसनंच. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट मिळून 32 वस्तू, मुदत तीन वर्षांची. त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने यंदाच साताऱ्याला वाघनखं पाठवली, तीही तीन वर्षांसाठी. तुम्ही रांगेत उभं राहून ती पाहून आलात.

आता शाळेतल्या मुलांना घेऊन पुन्हा जाल, तेव्हा त्यांना कुमासीच्या सोन्याबद्दलही नक्की सांगा.

तुमची,
धाकटी