कडेवरची रोपं

दसऱ्याला दोन दिवस होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतात पीक विम्याचा कापणी प्रयोग होता. कृषी सहायक, तलाठी, विमा कंपनीचा एक तरुण आणि बांधावर उभे राहिलेले चार-दोन शेजारी. आमचा गट नंबर यादृच्छिक अंकांवरून निघाला होता आणि रानात कोपरा कुठे धरायचा हेही अंकांवरूनच ठरलं. दादा म्हणाला, "साहेब, जरा खालच्या अंगाला घ्या की. पाण्यानं बसलंय ते दिसू दे." सहायक शांतपणे म्हणाले, "अंक निघालाय तिथंच घ्यायचं, दादा. तुम्ही दाखवाल तिथं घेतलं तर त्याला काय अर्थ?" मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. नमुना निवडीच्या पहिल्या तासाला आता मी हेच वाक्य सांगते.

खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दोरीचं एक टोक माझ्या पुतणीच्या हातात होतं. तेव्हा ती बारावीत होती. सोयाबीनचं एक रोप नेमकं दोरीखाली आलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. ती वाकली, पाला बाजूला सारून बुंधा बघितला आणि विचारलं, "आत्या, हे आत धरायचं की बाहेर?" बुंधा आत असेल तर आत, असं सहायकांनी सांगितलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. मग सगळी कापणी होईपर्यंत ती दोरीच्या कडेकडेनं फिरत राहिली.

रात्री ओट्यावर मी तिला पांडुरंग सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. जन्म १९११ चा, गाव बुध, म्हणजे आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्र केलं आणि परत येऊन शेतीतल्या मोजणीला हात घातला. तेव्हा कोलकत्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पिकाचे छोटे गोल तुकडे कापून उताऱ्याचा अंदाज काढत. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उतारा फुगतो. कापणारा माणूस प्रामाणिक असला तरी कडेवरचं रोप त्याच्या हातून आत ओढलं जातं, आणि लहान तुकड्यात कडच जास्त. अशा अंदाजावर धान्याचे हिशेब होतात, म्हणून सुखात्म्यांना त्या कडेवरच्या रोपांचं इतकं महत्त्व वाटलं.

निकाल लागल्यावर जूनमध्ये ती पुण्याला माझ्याकडे आली. बरोबर तीन-चार कॉलेजांची माहितीपत्रकं आणि घरच्यांचे सल्ले. मामाचं म्हणणं, डेटा सायन्स घे, नोकरी हमखास. दादाला वाटत होतं, आत्या शिकवते तेच घ्यावं. तिला गणित आणि स्टॅट्स दोन्ही आवडत होतं आणि त्यानंच ती रडकुंडीला आली होती.

आमच्या वेळी पुणे विद्यापीठात ही घाई नव्हती. एफवायला चार विषय, एसवायला तीन, टीवायला एक. दोन वर्षं दोन्ही विषयांच्या पंगतीला बसून मग उठायचं की थांबायचं ते ठरवता यायचं. आता मुलांना मुख्य विषयाचं नाव लवकर सांगावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सतराव्या वर्षी त्यांनी खरा रिअल अ‍ॅनॅलिसिस बघितलेला नसतो आणि खरी विदाही हाताळलेली नसते. वाट उशिरा सापडली तरी बिघडत नाही; संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचंच बघा. गणितात एम.ए. करून ते लष्करी कामाच्या नोकरीसाठी कोलकत्याला गेले. ती मिळाली नाही, पण हॉटेलात उतरलेल्या एका माणसाकडून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची माहिती कळली आणि १९४१ मध्ये ते तिथे दाखल झाले. १९४५ साली संख्याशास्त्रातला त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. तेव्हा ते पंचविशीत होते.

मी तिला म्हटलं, कोर्सचं नाव बाजूला ठेव, अभ्यासक्रमाची पानं काढ. लिनिअर अल्जिब्रा आहे का? संभाव्यतेला पूर्ण सत्र आहे, की दुसऱ्या विषयाच्या पोटात दोन आठवडे? सिद्धता लिहून घेतात का? एका चकचकीत पत्रकात सहा सॉफ्टवेअरची नावं होती आणि रेषीय बीजगणिताचा पत्ता नव्हता. ते मी तिच्यासमोर मिटवून ठेवलं. सॉफ्टवेअर नोकरीतही शिकता येतं, पाया नंतर भरता येत नाही. त्याच इन्स्टिट्यूटच्या, कोलकत्याच्या बी. स्टॅट.च्या आणि बंगळुरूच्या बी. मॅथ.च्या, जुन्या प्रवेश परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढून दिल्या. त्यात पायऱ्या मांडून उत्तर लिहायचे प्रश्न असतात. तिथे जायचं नसलं तरी हे प्रश्न सोडवून बघावेत, स्वतःबद्दल बरंच कळतं.

मग मला खरं विचारायचं होतं ते विचारलं. दोन्ही विषयांत अडकणं आलंच, तुला कुठलं अडकणं सोसेल? गणितात चार-चार दिवस काहीच हाती लागत नाही, पण लागलं की ते कायमचं, पुन्हा कुणी मोजायला जायला नको. आमच्याकडे उत्तर रोज मिळतं, पण त्याच्या शेजारी चूक किती असू शकते हे लिहून त्यावर सही करायची असते. तेवढ्या अनिश्चिततेवर एखाद्याच्या विम्याचे पैसे ठरतात. मला ती सही करायला आवडतं. त्यासाठी रानात जावं लागतं, दादासारख्यांशी बोलावं लागतं, तेही आवडतं.

ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिनं गणिताचा फॉर्म भरला. मला लागलं, हे लपवत नाही. तिनं संख्याशास्त्र घ्यावं असं मला फार वाटत होतं.

ती गेल्यावर टेबलावर तिची वही सापडली, दसऱ्यापासूनची. पहिल्या पानावर चौकोन होते. एक मीटरच्या चौकोनाला क्षेत्र एक, कड चार. दहा बाय पाचच्या तुकड्याला क्षेत्र पन्नास, कड फक्त तीस. पुढच्या पानावर गोल: त्रिज्या निम्मी केली की क्षेत्राच्या मानानं कड दुप्पट. सुखात्म्यांचं म्हणणं तिनं स्वतःपुरतं पडताळून घेतलं होतं. मी असते तर इथून पुन्हा शेतात गेले असते, कडेवरची रोपं मोजायला. ती गेली नव्हती. खाली तिनं लिहिलं होतं: क्षेत्र तेवढंच ठेवायचं, तर सगळ्यांत कमी कड कुठल्या आकाराला? वर्तुळ? का? आणि त्यापुढची अकरा पानं खाडाखोडीनं भरलेली होती. शेवटच्या पानावरची तारीख फॉर्म भरल्याच्या दिवसाची होती. सिद्धता अजून झालेली नव्हती.