मावशीची आमरी

मी बारा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरला त्या वेळी औरंगाबाद म्हणत. सुटीत मी मुंबईला मावशीकडे गेलो होतो. तिच्या गॅलरीत टांगलेल्या कुंडीत तळहाताएवढे जांभळे फूल उमलले होते.

"ही कॅटलिया. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातली. हिचे माहेर दक्षिण अमेरिकेत," मावशी म्हणाली. मी निघालो तेव्हा तिने त्या रोपाचा एक भाग वेगळा करून माझ्या हाती दिला. "जीव लाव हिला," एवढेच ती बोलली.

मी खरोखरच जीव लावला. मोठी कुंडी घेतली, तीत आमच्या मराठवाड्याची काळीभोर माती आणि शेणखत भरले व रोप चांगले खोल लावले. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागलो. पावसाळा आला आणि पाने पिवळी पडली. तिला तहान लागली असेल, असे वाटून मी पाणी वाढवले. एके दिवशी हात लावताच रोप उपटून हातात आले. मुळे कुजून गेली होती.

तोच मावशीचे पत्र आले, 'आमरी कशी आहे?' मी लिहिले, 'छान आहे. नवे पान फुटले आहे.' त्या रात्री मला झोप आली नाही. मावशी दर पत्रात तेच विचारी आणि दर वेळी मला आणखी एक पान फोडावे लागे! अखेर दिवाळीत मी सारे खरे लिहून टाकले आणि धडधडत्या छातीने उत्तराची वाट पाहू लागलो.

उत्तरात रागाचा एक शब्दही नव्हता. 'चूक माझीही आहे. जीव लाव म्हटले, पण कसा लावायचा ते सांगितले नाही. कॅटलिया मातीत वाढत नाही; अरण्यात ती झाडांच्या फांद्यांवर राहते. पण ती बांडगूळ नव्हे. ती झाडाकडून आसरा घेते, अन्न घेत नाही. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणीही तशीच. तिच्या मुळांवरचे पांढरे, स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपून घेते आणि मग मुळे वाऱ्यावर सुकतात. चिकट मातीत ती गुदमरली. वाईट वाटून घेऊ नकोस. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या जाणत्या माळ्यांनीही कोंदट काचघरांत अशा कितीतरी आमरी गमावल्या.'

हिवाळ्यात मावशी आली ती दुसरे रोप घेऊनच. आम्ही भोके पाडलेल्या कुंडीत कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घातले व ती पूर्वेच्या पडवीत टांगली. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला, तेव्हा हवेत ओलावा राहावा म्हणून मी कुंडीखाली पाण्याची परात ठेवी आणि भोवती ओले गोणपाट बांधी. पाणी घातले की पांढरी मुळे हिरवी दिसत. ती पुन्हा पांढरी होईपर्यंत थांबायचे. पाणी घालण्यापेक्षा न घालणेच मला अधिक कठीण वाटे.

तिसऱ्या वर्षी कळी आली. फूल उमलले त्या सकाळी मी मावशीला पत्र लिहिले, 'आमरी छान आहे.' तेच शब्द, पण या वेळी ते लिहिताना हात कापला नाही.

आजही कोणाला काही द्यावेसे वाटले, की मला ती पहिली कुंडी आठवते. आणि देण्यापूर्वी, त्याला काय हवे आहे, हे मी आधी पाहतो.