निरोप्या

१ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमात हिंसाचार उसळला. नगर रस्त्यालगतची दुकानं आणि वाहनं पेटली. त्यात आमचं पंक्चरचं दुकान गेलं, कॉम्प्रेसरचा नुसता सांगाडा उरला. पंचनामा झाला, पण पतसंस्थेचे हप्ते चालूच राहिले. त्यानंतर घरात जे बिघडलं ते माझ्या हातानं बिघडलं. ते आज सांगायचं आहे.

हप्ते थकले तेव्हा बायकोला न विचारता मी तिच्या पाटल्या गहाण टाकल्या. तिला कळल्यावर माफी मागायची सोडून आवाज चढवला. तेव्हापासून आमचं बोलणंच तुटलं. मी सणसवाडीला ठेकेदाराकडे रात्रपाळीला लागलो, ती शिक्रापूरला पॅकिंगच्या कामावर दिवसपाळीला. गाठ पडायची ती उंबऱ्यात. मधे आमचा मुलगा, तेव्हा तिसरीत.

“मम्मीला म्हणावं, डबा भर.” “पप्पांना म्हणावं, पीठ संपलंय.” असे निरोप तो इकडून तिकडे न्यायचा. धाकट्या बहिणीची वेणी घालायचा, तिला शाळेत न्यायचा, मी झोपलो असलो की टीव्हीचा आवाज बंद करायचा. शेजारी म्हणायचे, “पोरगं लई समजूतदार.” ते ऐकून मला बरं वाटायचं. त्याची काळजी करायची मला गरजच वाटेनाशी झाली.

२०१९ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी मोरीत तोंड धूत होतो. आतून बायको त्याला म्हणाली, “सांग त्यांना, खायचं तर खा म्हणावं, नाहीतर जा तसेच.” तो टॉवेल घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “पप्पा, मम्मी म्हणती जेवून जा. पिठलं केलंय, तुम्हाला आवडतं म्हणून.”

माझ्या तोंडाला साबण तसाच. “ती असं म्हणाली?” मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “तुमचंपण मी तिला नीट करूनच सांगतो.”

त्या रात्री मी खाडा केला. मुलांना शेजारी पाठवून बायकोची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच्या दप्तराच्या तळाशी पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा कागद सापडला. मुदत टळून गेली होती. फी मागायला नको, म्हणून त्यानं तो दाखवलाच नव्हता.

पाटल्या सोडवायला पुढं दोन वर्षं लागली. तो मात्र अजून मोकळा झालेला नाही. आमच्यापैकी कुणाचा आवाज जरा वाढला, की हातातलं काम टाकून येतो आणि मधे उभा राहतो.

घरात तंगी असेल, भांडण असेल, तर आपला निरोप आपण स्वतः जाऊन सांगा. आणि शेजारी-पाजारी, गुरुजी-बाई, एखादं पोर वयापेक्षा फार शहाणं दिसलं तर त्याचं कौतुक करून थांबू नका. त्याला जवळ घेऊन घरचं विचारा. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, तो त्याला पाठ करून द्या.